शेजारच्या बाळाशी तुलना नको, वहीत नोंद हवी

"आमची पिंकी अकराव्या महिन्यातच चालायला लागली. तुमचा बंड्या अजून रांगतोच का हो?"

लसीकरणाच्या दिवशी अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही दवाखान्यातील बाकावर बसा, हा संवाद कानावर येतोच. त्या एका वाक्याने बंड्याच्या आईची झोप उडते. घरी सासूबाई म्हणतात, "काई नाई होत वं, याचा बाप बी उशिराच चालला होता." आई घाबरते, आजी निश्चिंत असते, पण दोघीही बंड्याकडे न पाहता दुसऱ्याच मुलाकडे पाहत असतात.

मग मुलाची वाढ ओळखायची कशी? उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाची टिपणे ठेवली होती. तो केव्हा हसला, केव्हा रागावला, कशाला घाबरला, हे सारे त्यांनी लिहून ठेवले आणि १८७७ साली प्रसिद्ध केले. पण मूल एकच होते. शितावरून भाताची परीक्षा होते; एका मुलावरून सर्व मुलांची होत नाही.

म्हणून पुढे दोन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत निरनिराळ्या वयांची पुष्कळ मुले एकाच वेळी तपासतात. काम लवकर होते, परंतु एखादे मूल कसे पुढे गेले ते कळत नाही. दुसरीत तीच मुले पुन्हा पुन्हा पाहतात. वेळ आणि पैसा जास्त लागतो, काही कुटुंबे गाव सोडून जातात. पण वाढीची वाट दिसते ती याच पद्धतीने. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील ८१६ मुले अशीच पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८.२ ते १७.६ महिने इतका लांबलचक असतो. म्हणजे पिंकीही ठीक आणि सव्वा वर्षाचा बंड्याही ठीक!

मापही आपले हवे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांचा अभ्यास करून १९७० मध्ये आपल्या मुलांसाठी मापदंड दिले. त्यावरून तयार झालेल्या चाचणीत शारीरिक हालचालींचे ६७ आणि समज, बोलणे वगैरेंचे १६३ घटक आहेत. याचे महत्त्व मेळघाटात लगेच पटते. घरी कोरकू बोलणाऱ्या लेकराला मराठीत प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिले, तर त्याला मंद कसे म्हणावे? तिथे चूक परीक्षेची असते, लेकराची नव्हे.

मात्र 'प्रत्येकाची वेळ वेगळी' म्हणून स्वस्थ बसणेही धोक्याचे. उशिरा बोलणाऱ्या मुलाला कधी कधी ऐकूच येत नसते आणि वाट पाहण्यात मोलाची वर्षे निघून जातात. तेव्हा एक साधी वही करा. बाळाने मान धरली, हसले, बसले, पहिला शब्द बोलले, त्या त्या दिवशी तारीख लिहा. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर पहिली दोन वर्षे त्याचे वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

पुढील गोष्टी आढळल्यास मात्र थांबू नका :

• चार महिन्यांनंतरही मान न धरणे
• सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे न वळणे
• नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणे
• दीड वर्षानंतरही न चालणे किंवा एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे
• आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात करेनासे होणे

शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आणि ते ध्यानात येते जुनी नोंद असेल तरच. शंका आली, की अंगणवाडी सेविकेला सांगा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. तिचाही लाभ घ्या.

डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना बाळाचा एकच दिवस दिसतो, बाकीचे दिवस आईनेच पाहिलेले असतात.