‘दर’ रंगतो, ‘मजुरी’ तुटते: सिंटॅक्स हायलायटरबद्दलचे गैरसमज

धानोरा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेच्या तेंदूपानाचा हिशेब करणारा छोटासा पायथॉन प्रोग्रॅम डोळ्यांपुढे आणा. त्यातली नावं मराठीत आहेत: पुडे, दर, मजुरी. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, अशी नावं चालतात. हा कोड एडिटरमध्ये रंगीत दाखवणारा सिंटॅक्स हायलायटर आपणच बांधायचा आहे. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या किंवा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून जरूर घ्यावा असा हा विषय आहे. काम आटोपशीर, पण शिकायला भरपूर. मात्र काही समज सुरुवातीलाच आडवे येतात.

गैरसमज: हायलायटरला कोड कळतो.

वस्तुस्थिती: साध्या हायलायटरला तो कळत नाही. तो मजकुराचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला ‘कॉमेंट’, ‘स्ट्रिंग’, ‘संख्या’ अशी ओळख देतो. कोणत्या ओळखीला कोणता रंग, हे थीम ठरवते. नावाचं स्पेलिंग चुकलं तरी रंग तोच राहतो. अर्थापर्यंत जायचं तर वेगळी यंत्रणा लागते. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एडिटर आणि कोडचं विश्लेषण करणारा प्रोग्रॅम यांच्यातल्या संवादाच्या नियमांत, तशी सोय २०२० मध्ये आली.

गैरसमज: राखीव शब्दांची यादी आणि चार रेग्युलर एक्स्प्रेशन पुरतात.

वस्तुस्थिती: स्ट्रिंगच्या आत आलेलं # हे चिन्ह कॉमेंट सुरू करत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तिरकी रेघ कधी भागाकार असते, तर कधी रेग्युलर एक्स्प्रेशनची सुरुवात. आपण आत्ता कशाच्या आत आहोत याची नोंद ठेवल्याशिवाय हे सुटत नाही.

गैरसमज: युनिकोड आहे, म्हणजे मराठी आपोआप चालेल.

खरी मेख इथे आहे. ‘शब्दातलं अक्षर’ ओळखण्यासाठी जवळपास प्रत्येक जण रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरतो. पायथॉनसोबत येणाऱ्या मॉड्यूलमध्ये या चिन्हात व्यंजनं बसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार बसत नाहीत. म्हणून ‘दर’ नीट रंगतो, कारण त्यात एकही मात्रा नाही. ‘मजुरी’चे मात्र ‘मज’ आणि ‘र’ असे दोन तुकडे होतात आणि उकार-वेलांटी बेवारस राहतात. चाचणी ‘दर’वर घेतली, तर दोष दिसतच नाही. पायथॉन स्वतः ‘मजुरी’ हे एकच नाव मानतो. चुकतो तो हायलायटर. जावास्क्रिप्टमध्ये हेच चिन्ह फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेघ ओळखतं. व्हीएस कोड वापरतो त्या ओनिगुरुमा इंजिनात मात्र मात्रा धरल्या जातात. चिन्ह एक, वागणुकी तीन.

मराठी राखीव शब्द असलेली भाषा कुणी रचली, तर गोंधळ आणखी वाढतो. शब्दाची हद्दही याच चिन्हावरून ठरत असल्यामुळे पायथॉनमध्ये ‘जर’ शोधताना ‘जरी’तला ‘जर’सुद्धा रंगतो आणि जावास्क्रिप्टमध्ये मोकळा उभा असलेला ‘जर’ही सापडत नाही. उपाय ठाऊक आहे: नावात कोणती अक्षरं चालतात याची युनिकोडने दिलेली यादीच वापरावी. पिगमेंट्स या जुन्या हायलायटरचा पायथॉनसाठीचा भाग तसंच करतो.

अंकांची गोष्ट उलटी. पायथॉनचं ‘बॅकस्लॅश डी’ ५०० हा देवनागरी आकडा संख्या म्हणून ओळखतं, पण कोडमध्ये तो तसाच लिहिला तर पायथॉन चूक दाखवतो. म्हणजे चुकीच्या कोडला हायलायटर बरोबरचा रंग देतो. ‘दर्‍या’सारख्या शब्दातला अर्धा र काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्हाने लिहितात. जावास्क्रिप्ट ते चिन्ह नावात स्वीकारतं, पायथॉन नाकारतो.

गडचिरोलीच्या भागात गोंडीचाही विचार करायलाच हवा. महाराष्ट्रात ती बहुधा देवनागरीत लिहिली जाते, पण तिच्या स्वतःच्या लिप्याही युनिकोडमध्ये आहेत: मसराम गोंडी २०१७ पासून, गुंजाला गोंडी २०१८ पासून. त्यांची जागा पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडे आहे. देवनागरी अक्षराला यूटीएफ-१६ मध्ये एक एकक लागतं, या लिप्यांच्या अक्षराला दोन. पायथॉन मात्र दोन्हीकडे एकच मोजतो. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची मूळ मोजणी यूटीएफ-१६ ची आहे आणि ट्री-सिटर हा कोडची रचना ओळखणारा पार्सर बाइट मोजतो. या मोजण्या एकमेकींत बदलून न घेता जोडल्या, तर स्ट्रिंगमध्ये गोंडी लिपीतला शब्द येताच त्या ओळीतले पुढचे सगळे रंग सरकतात. सिरोंच्याकडच्या तेलुगूत यूटीएफ-१६ आणि पायथॉन यांच्या मोजणीत फरक पडत नाही, पण बाइटच्या मोजणीत पडतो आणि मात्रांची अडचणही येते.

गैरसमज: प्रत्येक अक्षर टाइप होताच सगळी फाइल पुन्हा रंगवावी लागते, म्हणून भारी संगणक हवा.

वस्तुस्थिती: प्रत्येक ओळीच्या शेवटी आपण कुठल्या स्थितीत होतो, ते जपून ठेवतात. बदललेल्या ओळीपासून पुढे जाताना शेवटची स्थिती जुन्याशी जुळली की थांबायचं. तिहेरी अवतरणचिन्ह उघडलं, तरच खालचं बरंच काही बदलतं. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांचा ट्री-सिटर याच्या पुढे जातो: कोडचं झाड राखून न बदललेल्या फांद्या तशाच वापरतो. दोन्ही पद्धती जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालतात.

चाचणीच्या फाइलमध्ये ‘दर’सोबत ‘मजुरी’, ‘किंमत’, ‘ग्रामसभा’ ही नावं, अदृश्य जोडचिन्हासह आणि त्याशिवाय अशा दोन्ही प्रकारे लिहिलेला ‘दऱ्या’, देवनागरी ५०० आणि स्ट्रिंगमध्ये मसराम गोंडीतला एक शब्द पहिल्याच दिवशी घालून ठेवा.