पहारेकऱ्यांवर पहारा



आपल्या बेने इस्राएल लोकांच्या नोकऱ्या पूर्वी ठरलेल्या असत. कोकणात तेलाचे घाणे, मग पलटणीत सुभेदार-जमादार, रेल्वेत आणि पोस्टात कारकून, शाळामास्तर, आणि आमच्यासारख्या नर्सेस. अमेरिकेत आल्यावर मुले कॉम्प्युटरमध्ये गेली, कोणी डॉक्टर झाले, कोणी वकील. पण आमच्या एका मैत्रिणीचा मुलगा गेली काही वर्षे एका राज्याच्या तुरुंगखात्यात आहे, आणि तो काय करतो हे सांगताना त्याची आईसुद्धा अडखळते. तो कैद्यांवर पहारा करत नाही. पहारा करणाऱ्यांविरुद्ध तक्रार आली की तिची चौकशी करतो. मागे एका मलिद्याला हा विषय निघाला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पगारी चहाडखोरीच की!" सगळे हसले. आम्हाला काही हसू आले नाही. म्हणून हे चार शब्द.

इथे बहुतेक प्रत्येक राज्याच्या तुरुंगखात्यात असा एक विभाग असतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला 'ऑफिस ऑफ स्पेशल इन्व्हेस्टिगेशन्स' म्हणतात, कॅलिफोर्नियात 'ऑफिस ऑफ इंटर्नल अफेअर्स'. नावे वेगळी, काम तेच. गार्डने कैद्याला मारले, आत मादक पदार्थ किंवा मोबाइल आणून विकले, बाईकैद्याचा गैरफायदा घेतला, खोटा रिपोर्ट लिहिला, अशा तक्रारी येतात. कधी कैद्याची चिठ्ठी येते, कधी त्याच्या आईचा फोन, कधी वकिलाचे पत्र. आणि क्वचित, फारच क्वचित, दुसऱ्या गार्डकडूनही येते.

तक्रार खरी निघाली तर पुढे दोन वाटा फुटतात. एक खात्याची, म्हणजे दंड, निलंबन किंवा बडतर्फी. दुसरी फौजदारी कोर्टाची. आणि या दोन वाटा एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, ही त्या कामातली मोठी कसरत. न्यू जर्सीत काही पोलिसांवर ट्रॅफिकची चलाने परस्पर मिटवल्याचा आरोप होता. त्यांना सांगितले गेले, उत्तरे द्या नाहीतर नोकरी जाईल. त्यांनी दिली, आणि तीच उत्तरे कोर्टात त्यांच्याविरुद्ध वापरली. 1967 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की नोकरीची भीती घालून काढून घेतलेला जबाब फौजदारी खटल्यात वापरता येणार नाही. तो 'गॅरिटी' निकाल. तेव्हापासून चौकशी अधिकाऱ्याला आधी ठरवावे लागते की आपण कोणत्या वाटेने निघालो आहोत. घाईघाईने सक्तीचा जबाब घेतला तर पुढे सरकारी वकील कपाळाला हात लावतो.

आम्ही त्या मुलाला विचारले, "अरे, तू दिवसभर करतोस तरी काय?" तो म्हणाला, "मावशी, मी वाचतो." ड्युटीचे रजिस्टर, त्या रात्री कोणत्या दारावर कोण होते, कोणती चावी कोणी कधी घेतली, कैद्याच्या फोनचे रेकॉर्डिंग, कॅमेऱ्याचे चित्रण, आणि मुख्य म्हणजे बळाचा वापर झाल्यावर प्रत्येक गार्डने लिहून द्यायचा रिपोर्ट. पाच जणांचे पाच रिपोर्ट घेतले आणि पाचही जणांनी एकच वाक्य, एकाच क्रमाने लिहिले असेल, तर तो तिथे पेन्सिलीने खूण करतो. पाच माणसांना एकच गोष्ट दिसेल, पण पाचही जण ती एकाच शब्दांत सांगणार नाहीत.

हे ऐकून आम्हाला आपल्या मिश्नाची आठवण झाली. सनहेद्रिन भागात साक्षीदारांना वेगवेगळे करून सात प्रश्न विचारायचे सांगितले आहे: कोणते सप्तक, त्यातले कोणते वर्ष, कोणता महिना, कितवी तारीख, कोणता वार, कोणता तास, कोणती जागा. बेन झक्काईने तर अंजिरांच्या देठांबद्दलसुद्धा विचारले होते. आमच्या लहानपणी हे ऐकून वाटे, माणूस मेला आणि हे देठ कसले मोजतात! आता कळते. खोटी गोष्ट ठरवून सांगणारे मोठ्या बाबी पाठ करतात. देठ पाठ करायचे त्यांना सुचत नाही. आणि ज्याने पाहिले आहे त्याने साक्ष दिली नाही तर त्याच्यावर दोष येतो, हे तर तोराच्या तिसऱ्या पुस्तकातच आहे. मग चहाडी कशाला म्हणायची आणि साक्ष कशाला, हे त्या मलिद्यातल्या गृहस्थांनी जरा विचारात घ्यावे.

या सगळ्यात नर्सचा कागद फार मोलाचा. हे आम्ही कौतुकाने नाही, अनुभवाने सांगतो. आमच्या हॉस्पिटलात कधीकधी कैदी आणत. पाय साखळीने पलंगाला बांधलेला, दारात दोन गार्ड. कारण सांगत, जिन्यावरून पडला. आता जिन्यावरून पडलेली माणसे आम्ही शेकड्यांनी पाहिली. त्यांचे तळहात सोलटतात, गुडघे फुटतात, कपाळाला टेंगूळ येते. डोके वाचवायला हात वर धरला तर काळेनिळे वळ येतात ते कोपरापासून मनगटापर्यंत, बाहेरच्या बाजूला. जिन्याच्या पायऱ्या तिथे लागत नाहीत. 'मारले' असे लिहिणे आमचे काम नव्हते, आम्ही पाहिले नव्हते. पण वळ कुठे, किती इंच, रंग लाल की जांभळा की पिवळट, हे लिहिणे आमचे काम होते, आणि ते लिहीत असू. रंगावरून मार ताजा की जुना याचा साधारण अंदाज डॉक्टरला येतो. तुरुंगातसुद्धा मारामारी झाली की नर्सने कैद्याला तपासून जखमांचा कागद भरायचा असतो. चौकशी अधिकारी सगळ्यात आधी तो मागतो. त्यावर 'विशेष काही नाही' एवढेच असले तर त्याची अर्धी केस तिथेच बुडाली.

आता मार्सीची गोष्ट. ज्यांना ती वाचवणार नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा, पण आमच्या नर्स मैत्रिणींनी तरी सोडू नये. न्यूयॉर्क राज्यात युटिकाजवळ मार्सी तुरुंग आहे. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री रॉबर्ट ब्रूक्स नावाचा 43 वर्षांचा कैदी शेजारच्या तुरुंगातून तिथे आणला गेला. त्याच रात्री, हात मागे बांधलेले असताना, गार्डांनी त्याला बेदम मारले. दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात वारला. मारले कुठे? अंधारकोठडीत नाही. तुरुंगाच्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलावर. वैद्यकीय कर्मचारी जवळच होते.

हे उघडकीस कसे आले ते ऐका. गार्डांच्या छातीवर कॅमेरे होते, पण त्यांनी ते चालू केले नव्हते. मात्र ते पूर्ण बंदही नव्हते. अशा स्थितीतही तो कॅमेरा आवाजाशिवाय चित्रण साठवून ठेवतो, हे त्यांच्या ध्यानात नव्हते. 27 डिसेंबरला राज्याच्या ॲटर्नी जनरलनी ते चित्रण लोकांसमोर ठेवले. आम्ही थोडेसे पाहिले आणि बंद केले. मारणाऱ्यांपेक्षा आमचे डोळे आजूबाजूला उभे असलेल्यांवरच खिळले होते. राज्यपाल बाईंनी 14 जणांना कामावरून काढण्याचा हुकूम दिला, त्यांत एक नर्स होती. फेब्रुवारी 2025 मध्ये दहा गार्डांवर आरोप ठेवले गेले, सहांवर खुनाचा. काहींनी गुन्हा कबूल केला. ऑक्टोबर 2025 मध्ये ज्युरीने तिघांपैकी एकाला खुनाबद्दल दोषी धरले आणि दोघांना सोडले.

कॅमेरा नसता तर? तर सगळा भार रिपोर्टांवर आणि नर्सच्या कागदावर पडला असता. न्यूयॉर्कला हा अनुभव जुना आहे. सप्टेंबर 1971 मध्ये ॲटिका तुरुंगात कैद्यांनी बंड केले आणि गार्डांना ओलीस धरले. 13 तारखेला राज्य पोलिसांनी गोळीबार करून तुरुंग परत घेतला. त्यात 39 माणसे मेली, 29 कैदी आणि 10 ओलीस. अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्रांना सांगितले की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, आणि तसेच छापून आले. दुसऱ्या दिवशी रॉचेस्टरचे वैद्यकीय परीक्षक डॉ. जॉन एडलंड यांनी सांगितले की ओलीस गोळ्यांनी मेले. कैद्यांकडे बंदुका नव्हत्या. म्हणजे गोळ्या कोणाच्या, हे लहान मुलालाही कळले असते. त्या डॉक्टरला काय काय ऐकून घ्यावे लागले! धमक्या आल्या, कम्युनिस्ट ठरवले. मग दुसरे डॉक्टर आणून पुन्हा तपासले, आणि त्यांनीही तेच सांगितले. कैद्यांची नुकसानभरपाई ठरायला 2000 साल उजाडले, ओलिसांच्या कुटुंबांची 2005. एकोणतीस आणि चौतीस वर्षे!

चौकशी नीट झाली म्हणजे गार्डची नोकरी गेली, असेही नाही. 2023 मध्ये 'मार्शल प्रोजेक्ट' या वृत्तसंस्थेने न्यूयॉर्कची जुनी कागदपत्रे तपासली. 2010 पासून बारा वर्षांत कैद्यांना मारल्याच्या किंवा ते झाकल्याच्या 290 हून जास्त प्रकरणांत खात्याने गार्डांना काढायचा प्रयत्न केला होता. प्रत्यक्षात काढता आले 28 प्रकरणांत. कारण युनियनच्या करारानुसार शेवटचा शब्द बाहेरच्या लवादाचा. लवादापुढे एका बाजूला शिक्षा भोगणारा कैदी आणि दुसऱ्या बाजूला युनिफॉर्ममधले चार जण एकच सांगणारे. कैद्यावर विश्वास कोण ठेवणार?

आम्ही युनियनच्या विरुद्ध नाही. युनियन होती म्हणून आम्हा नर्सेसना माणसासारख्या ड्युट्या मिळाल्या. गार्डांचे कामही सोपे नाही. दूर खेड्यात तुरुंग, सक्तीचा ओव्हरटाइम, अंगावर घाण फेकणारे कैदी. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कचे हजारो गार्ड संपावर गेले, तेव्हा राज्याला नॅशनल गार्डचे जवान बोलवावे लागले. संप कायद्याला धरून नव्हता, पण त्यांच्या सगळ्याच तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. आणि त्याच संपाच्या दिवसांत, 1 मार्चला, मार्सीच्या समोरच्याच मिड-स्टेट तुरुंगात मसाया नान्त्वी हा 22 वर्षांचा कैदी मारहाणीत मेला. तिथेही गार्डांवर आरोप ठेवले गेले.

मैत्रिणीचा मुलगा सांगतो की तक्रारी खोट्याही असतात. सूड म्हणून, किंवा दुसऱ्या तुरुंगात बदली व्हावी म्हणून कैदी लिहितात. अशा वेळी त्याच्याच कागदामुळे एखाद्या निरपराध गार्डवरचा डाग निघतो. पण त्याबद्दल कोणी आभार मानत नाही. तो कँटीनमध्ये गेला की टेबले रिकामी होतात. पाठीमागे त्याला 'उंदीर' म्हणतात. दुपारचा डबा तो आपल्या गाडीत बसून खातो. आम्ही विचारले, "वाईट नाही वाटत?" म्हणाला, "डबा आईचा असतो, मावशी. त्यांच्या कँटीनपेक्षा बरा."

त्याला सर्वांत कठीण काय जाते हेही विचारले. मेलेल्या माणसाची केस असेल असे आम्हाला वाटले होते. तो म्हणाला, पाहून गप्प बसलेल्या नव्या पोराचा जबाब घेणे. वीस-बावीस वर्षांचा, नोकरीला तीन महिने झालेला, घरी लहान बाळ. खरे सांगितले तर पुढची पंचवीस वर्षे त्याच लोकांत काढायची. नाही सांगितले आणि पकडला गेला तर खोट्या जबाबाबद्दल स्वतःच अडकायचा. "तो टेबलाकडे बघत बसतो आणि मीही टेबलाकडे बघतो," म्हणाला. कधी अर्धा तास जातो. मग एखादा बोलतो. पुष्कळसे बोलत नाहीत.

हा मुलगा यंदा हनुक्काच्या कार्यक्रमाला येणार आहे. चालू प्रकरणांबद्दल त्याला काही सांगता येत नाही, तेव्हा ते कोणी विचारू नये. पण आपल्या समाजातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी, विशेषतः नर्सिंग आणि कायदा शिकणाऱ्यांनी, त्याच्याशी जरूर बोलावे. जेवण सात वाजता आहे. टोमणे मारणाऱ्यांनी ते घरी ठेवून यावे.