बंगळूरचा कोट आणि चीनची भिंत

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजारातील फुलांच्या राशींमधून वाट काढीत प्रवासी पुढे गेला, म्हणजे वाहनांच्या गर्दीत त्याला एकाएकी एक उंच दगडी वेस दिसते. हीच बंगळूरच्या किल्ल्याची दिल्ली वेस. तटाचा थोडासा भाग आणि ही वेस एवढेच त्या विस्तीर्ण कोटाचे आज उरलेले अवशेष होत.

तट म्हटला की चीनच्या भिंतीची आठवण व्हावी हे स्वाभाविकच आहे. निरनिराळ्या राजवटींत बांधल्या गेलेल्या त्या सर्व भिंतींची लांबी २०१२ साली जाहीर झालेल्या मोजणीनुसार २१ हजार किलोमीटरांहून अधिक भरते. चित्रांतून आपणांस दिसते ती विटांची व दगडांची भिंत मुख्यतः मिंग राजवटीतील आहे. परंतु तिच्या पूर्वीच्या भिंती बहुतांशी मातीच्याच होत्या. फळ्यांच्या साच्यात मातीचा थर घालावयाचा, तो धुम्मसाने ठोकून घट्ट करावयाचा आणि त्यावर दुसरा थर चढवावयाचा, अशी ती रीत होती. ज्यांनी आपल्याकडील गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पाहिल्या आहेत, त्यांना मातीच्या अंगचे हे बळ नवे वाटणार नाही.

बंगळूरच्या कोटाचा आरंभही मातीपासूनच झाला. १५३७ साली केंपेगौडा यांनी पेठ वसवून तिच्याभोवती मातीचा तट व खंदक घातला. त्या वेळी चीनमध्ये मिंग राजवटच चालू होती. पुढे १७६१ साली हैदर अलीने पेठेच्या दक्षिणेकडील किल्ला दगडांनी बांधून काढला. चिनी भाषेत तट आणि नगर या दोहोंना एकच शब्द आहे. कोटाच्या आत गाव आणि बाहेर रान, अशी दृष्टी असलेल्या त्या काळी बंगळूरकरांनाही तो शब्द पटला असता!

या दोन्ही तटांच्या पायाशी एकेका स्त्रीची कथा आहे. चीनमधील लोककथा सांगते की, मंग च्यांगचा पती भिंतीच्या कामावर वेठीला धरून नेला गेला. त्याच्यासाठी थंडीचे कपडे घेऊन ती दूरवर चालत गेली; पण तो कामावरच मरण पावल्याचे तिला कळले. तिच्या आक्रोशाने भिंतीचा भाग कोसळला, असे लोक मानतात. बंगळूरची आख्यायिका हिच्या उलट आहे. कोटाची एक वेस बांधावी आणि ती ढासळावी, असे पुनःपुन्हा होऊ लागले. गर्भवती स्त्रीचा बळी दिल्यावाचून ती उभी राहणार नाही, असे सांगण्यात आले. तेव्हा केंपेगौडांची सून लक्ष्मम्मा रात्री एकटीच तेथे गेली आणि तिने स्वतःचा बळी दिला. कोरमंगल भागात तिचे स्मारक आहे. एकीच्या अश्रूंनी भिंत पडली, दुसरीच्या रक्ताने वेस उभी राहिली. या कथा इतिहास नव्हेत. परंतु तटाचे मोल कोणी चुकते केले, हे लोकांनी त्यांतून लक्षात ठेवले आहे.

मराठी वाचकाला या कोटाविषयी आणखी एक आपलेपणा आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आढळते. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली मल्लेश्वराच्या देवस्थानास एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख मल्लेश्वरम भागात आहे. वाडे गेले, दानाचा लेख मात्र राहिला.

तटांचे पुढे काय झाले? २१ मार्च १७९१ रोजी रात्री इंग्रजांनी किल्ल्याला खिंडार पाडून तो जिंकला. त्यानंतर वाढत्या शहराने रस्त्यांसाठी व इमारतींसाठी त्याचा बहुतेक भाग गिळला. पेकिंगचा नगरतटही विसाव्या शतकात रस्ते व भुयारी रेल्वे यांसाठी असाच पाडला गेला. याउलट शीआन नगराचा चौदाव्या शतकातील सुमारे चौदा किलोमीटरांचा तट आज जपलेला आहे आणि लोक त्यावरून फेरफटका मारतात. नगर वाढले म्हणजे तट पडलाच पाहिजे असे नाही, हे त्यावरून दिसते.

बंगळूरच्या किल्ल्याचा उरलेला भाग आता पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. २०१२ साली मेट्रोचे खोदकाम चालू असता किल्ल्याजवळच्या जमिनीतून दोन जुन्या तोफा निघाल्या. भूमी आपल्या ठेवी विसरत नाही. विसरतो तो माणूस.

पुढल्या खेपेस बंगळूरला गेलात, तर बाजारहाट आटोपल्यावर मुलांना घेऊन घटकाभर या वेशीत उभे राहा. दगडांवर त्यांचे हात ठेवू द्या आणि लक्ष्मम्माची गोष्ट त्यांना सांगा. तट राखण्यास सरकारी पहारेकरी पुरेसा आहे. त्याची आठवण राखण्याचे काम मात्र घराघरांतच व्हावयास हवे.