बुधवारचा खिमा आणि बाफल्यांचा तंदूर

मांसाहार करणाऱ्या अनेक मराठी घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य असल्याने आठवड्यातले मटण बहुधा बुधवारी किंवा रविवारी शिजते, आणि त्यांतला बुधवार हा कामाचा वार असल्यामुळे त्या दिवशीचा बेत झटपट होणाराच असावा लागतो. धार आणि देवास येथील मराठी कुटुंबांनाही ही अडचण चांगलीच परिचित आहे. अठराव्या शतकात पवार घराण्याच्या शाखांनी माळव्यात ही संस्थाने उभी केली, देवासात तुकोजीराव आणि जिवाजीराव या भावांमुळे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली, आणि १९४८ मध्ये ती मध्य भारत राज्यात विलीन झाली. आज या भागातील अनेक माणसे पीथमपूरच्या कारखान्यांतून किंवा इंदूरच्या कचेऱ्यांतून दिवेलागणीनंतरच घरी पोचतात.

अशा रात्रीसाठी अमेरिकेतील गृहिणींनी ‘मीटलोफ’ रूढ केला. खिम्यात पाव, अंडे आणि कांदा मळून, पावासारखा आकार देऊन तो भट्टीत भाजला जातो. १९३० च्या दशकातील मंदीत थोडे मांस अनेकांना पुरवण्याचा तो एक मार्गही ठरला. मसाला लावलेल्या खिम्याला आकार देण्याची रीत मात्र इकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या आजाने भोजराजाच्या धारेवर स्वारी केली होती, त्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात बारीक केलेल्या मांसाचे गोळे करण्याच्या कृती सापडतात.

बोकडाच्या मटणाचे तुकडे मऊ व्हायला वेळ लागतो, कारण त्यांतील स्नायूंचे लांब धागे आणि त्यांना बांधून ठेवणारे चिवट आवरण उष्णतेने हळूहळू सैल होते. खिम्यात हे काम खाटकाच्या यंत्राने आधीच केलेले असते. म्हणून खांद्याचे, थोडी चरबी असलेले मटण निवडून त्याचा खिमा दोनदा काढून घ्यावा. निव्वळ लाल मांसाचा खिमा भाजल्यावर कोरडा आणि रवाळ होतो, तेव्हा चरबी काढून टाकण्याचा आग्रह येथे धरू नये.

मीटलोफच्या धर्तीवर वड्या करायच्या तर अर्धा किलो खिम्याला एक अंडे, बारीक चिरून परतलेला एक कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, मीठ आणि पावाऐवजी अर्धी वाटी जाडे पोहे पुरतात. माळव्यात पोहे कोणत्याही घरात असतातच. ते धुऊन, निथळून, कुस्करून घातले की त्यांतील पिष्ट मांसातून सुटणारा रस धरून ठेवते. मीठ घालून खिमा मळताना स्नायूंतील मायोसिन नावाचे प्रथिन सुटून चिकट होते आणि त्यामुळेच वडी फुटत नाही, परंतु मळणे लांबले तर तीच वडी रबरासारखी घट्ट होते. मिश्रण हाताला चिकटू लागताच थांबावे.

वेळ वाचतो तो आकारामुळे. एक किलोचा एकच मोठा लोफ आतपर्यंत शिजायला तासभर लागतो, कारण उष्णतेला मध्यापर्यंत पोचायचे असते. त्याच मिश्रणाच्या मुठीएवढ्या, तीन-चार सेंटिमीटर जाडीच्या वड्या १८० अंश सेल्सिअसला साधारण पंचवीस मिनिटांत होतात. ओव्हन नसला तरी बिघडत नाही, कारण बाटी भाजण्यासाठी आणि बाफले, म्हणजे आधी पाण्यात उकडून मग भाजायचे कणकेचे गोळे, यांच्यासाठी माळव्यात गॅसवर ठेवायचा जो छोटा तंदूर वापरतात, त्यात तेलाचा हात लावलेल्या वड्या एकदा उलटून उत्तम भाजल्या जातात. त्या भाजेपर्यंत पोळ्या लाटून होतात आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीरही.

वडी बाहेरून तपकिरी दिसली म्हणजे ती शिजली असे समजणे धोक्याचे आहे. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा काढताना आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे वडीचा मध्यभाग ७१ अंशांपर्यंत, आणि खिमा कोंबडीचा असेल तर ७४ अंशांपर्यंत, तापायला हवा. तो मोजायला अन्नाचा तापमापक वापरावा. खिमा आणला त्याच दिवशी शिजवावा, आणि उरलेल्या वड्या निवल्या की लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी डब्याला द्याव्यात; गुरुवार पाळणाऱ्या घरांनी मात्र मिश्रण बेताचेच करावे.