मोकाट कुत्र्याला मालक नसतो, म्हणून भरपाई नसते?

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला कुत्रं चावलं, की दुसऱ्या दिवशी नाक्यावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘मोकाट कुत्रं ते. भरपाई कुणाकडं मागणार?’ शिकलेसवरलेले लोकही हेच म्हणतात. मग तो माणूस सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन सुया टोचून घेतो, बुडालेल्या हजेरीचं नुकसान सोसतो आणि गप्प बसतो. याचा राग येतो, कारण या प्रश्नाचं उत्तर आपल्याच बेळगाव तालुक्यातल्या एका प्रकरणात कधीच मिळालेलं आहे.

२०१८ मध्ये बाळेकुंद्री खुर्द इथं मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात दोन वर्षांचा मुलगा दगावला. वडील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे गेले. २०२२ मध्ये न्यायमूर्ती सूरज गोविंदराज यांनी वडिलांना १० लाख रुपये सहा टक्के व्याजासह द्यावेत, असा आदेश ग्रामपंचायतीला दिला. कुत्र्याला मालक नाही, ही गोष्ट तिथं आडवी आली नाही.

ती येणारही नव्हती. मोकाट कुत्री पकडणं, त्यांची नसबंदी करणं, त्यांना रेबीजची लस टोचणं ही कामं प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकलेली आहेत. आधी २००१ चे नियम होते, आता २०२३ चे आहेत. शहरात ही जबाबदारी महापालिकेची, मच्छे-पिरनवाडीत तिथल्या नागरी संस्थेची, आजूबाजूच्या खेड्यांत ग्रामपंचायतीची. नेमून दिलेलं काम झालं नाही आणि त्यापायी कुणाचा जीव गेला, तर घटनेच्या २१व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचा प्रश्न येतो आणि २२६व्या कलमाखाली रिट अर्ज करून थेट उच्च न्यायालयात दाद मागता येते. तिथं कुत्रं कुणाचं होतं हे कुणी विचारत नाही. काम कुणाचं होतं, एवढं दाखवावं लागतं.

अडचण आहे ती दुसरीकडे, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. रिट अर्जात साक्षीपुरावे घोळवत बसत नाहीत. ‘कुत्रं चावलंच नाही’ किंवा ‘आमच्या हद्दीत घडलं नाही’ असं पंचायतीनं म्हटलं आणि ते खोडून काढणारा कागद तुमच्याकडे नसला, तर दिवाणी न्यायालयाची वाट धरायला सांगितलं जाऊ शकतं. म्हणून सिव्हिलचा केसपेपर हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. ‘डॉग बाईट’ लिहिलंय का? तारीख, वेळ, गल्लीचं नाव आहे का? जखमेची श्रेणी लिहिलीय का? कातडी फोडून दात आत गेले असतील तर ती तिसरी श्रेणी, आणि लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ओळखीच्या डॉक्टरकडं एक सुई घेऊन घरी आलेल्या माणसाकडं यातलं काहीच नसतं. जखमेचे फोटो काढा, लसीचं कार्ड जपा, पंचायतीला लेखी तक्रार द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. अर्थात हे सगळं जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन झाल्यावर.

मोबाइलवर फिरणारा दुसरा समज: ‘दाताच्या प्रत्येक खुणेला १० हजार मिळतात.’ हा आदेश खरा आहे, पण तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा, नोव्हेंबर २०२३ चा. दाताच्या खुणेला किमान १० हजार आणि मांस तुटलं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार. तो पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरता आहे. इथल्या वकिलाला त्याचा दाखला देता येईल, पण तो दर इथं लागू नाही. कर्नाटक सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेली रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि जखमीसाठी ५ हजार आहे. त्या ५ हजारांतले ३,५०० जखमीच्या हातात, उरलेले १,५०० उपचारापोटी सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टला. तिसऱ्या श्रेणीचा चावा, सुयांसाठीच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी यांपुढं ३,५०० रुपये फारच तोकडे आहेत.

‘पाळीव कुत्र्याच्या मालकाला दंड झाला, म्हणजे आपल्याला पैसे मिळाले’ हेही खरं नाही. भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होतो, पण दंड सहसा सरकारजमा होतो. जखमीला भरपाई हवी तर ती न्यायालयाकडे वेगळी मागावी लागते.

खानापूरकडचे लोक गव्या-हत्तीच्या अनुभवावरून वनखात्याचं दार ठोठावतात. कुत्रा वन्यप्राणी नाही, वनखातं काही देणार नाही.

‘सुप्रीम कोर्टानं सगळी कुत्री उचलायला सांगितली.’ नाही. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली परिसरापुरता होता आणि २२ ऑगस्टला तोही बदलला. नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्री त्याच भागात परत सोडायची, रेबीज झालेली वा आक्रमक मात्र सोडायची नाहीत, असं तेव्हा ठरलं.

शेवटचा समज खास आपल्या भागातला: ‘अर्ज कन्नडमध्ये नसेल तर घेत नाहीत.’ घटनेचं ३५० वं कलम प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतं. मराठीत लिहिलेला अर्ज खिडकीवरून परत आला, तर तोच स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती केसपेपरला टाचून ठेवा.