बॅटरीच्या गाडीचा दम

मोठ्या रेल्वे स्टेशनावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना फलाटावरून नेणारी एक उघडी, चार चाकांची गाडी तुम्ही पाहिली असेल. पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातही अशा गाड्या फिरतात. धूर नाही, घरघर नाही. गोल्फ नावाच्या खेळात अशाच गाड्या वापरतात. त्या खेळाचे मैदान एवढे मोठे, की एक डाव पुरा करायला आठ-नऊ किलोमीटर चालावे लागते. त्या मैदानावर हिंडायला ही गाडी. आपल्याकडची तीन चाकांची बॅटरी रिक्षा म्हणजे तिची चुलत बहीणच.

ज्याचे पोट या गाडीवर आहे, त्याला रोज एकच घोर असतो: आज ही किती वेळ चालेल? थंडी पडली की हा घोर वाढतो. दिवाळीत संध्याकाळपर्यंत पुरणारी बॅटरी पौषात दुपारीच दम टाकते. मग कोणी सांगतो, "बॅटऱ्या गेल्या, नव्या टाका." चार बॅटऱ्यांचा संच काही स्वस्त नसतो, कर्ज काढायची पाळी येते. म्हणून आधी बॅटरीच्या पोटात काय चालते ते पाहू.

या गाड्यांत पुष्कळदा शिशाची बॅटरी असते. ती १८५९ साली फ्रान्स देशात गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने शोधून काढली. तिच्या आत खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले गंधकाचे तेजाब. एका खणातून दोन व्होल्ट मिळतात. सहा खणांची बारा व्होल्टची एक बॅटरी, आणि रिक्षात अशा चार. म्हणजे झाले ४८ व्होल्ट. गाडी चालते तेव्हा तेजाबातला गंधकाचा अंश पट्ट्यांत जाऊन बसतो आणि तेजाब पातळ होते. चार्जिंगला लावली की तो अंश पुन्हा तेजाबात उतरतो. ही ये-जा म्हणजेच बॅटरी.

आता बॅटरीवर '१०० अँपिअर-तास' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ बहुधा असा, की पाच अँपिअरच्या सावकाश ओढीने ती वीस तास पुरेल. मग पंचवीस अँपिअर ओढले तर चार तास पुरायला हवी, हिशेब तसाच येतो. पण पुरते मात्र तीन तासांच्या आसपास. असं का?

आपली विहीर आठवा. मोठा पंप लावून भराभर उपसली तर पाणी तळाला जाते. विहीर आटली का? नाही. झऱ्यांना पाणी द्यायला वेळ मिळाला नाही. तासभर थांबले की पुन्हा पाणी दिसते. बॅटरीचेही तसेच. पट्ट्यांना बारीक बारीक छिद्रे असतात. तेजाब त्यांत झिरपत जाते. घाईने वीज ओढली की छिद्रांतले तेजाब पातळ होते आणि बाहेरचे वेळेवर पोचत नाही. म्हणूनच दमलेली गाडी अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा थोडी चालते. जास्त माणसे, एकदम दाबलेली गती, मोठा चढ, ही सारी घाईच. माथेरानला २०२२ च्या डिसेंबरात चाचणी म्हणून बॅटरी रिक्षा सुरू झाल्या. तिथले चढ-उतार ज्याने पाहिले आहेत, त्याला हे सांगायला नको.

थंडीत हेच झरे सुस्त होतात. गार तेजाब दाट होते, हळू झिरपते. साधारण २५ अंश उष्णतेला बॅटरी जेवढी वीज देते, तिच्यातली शून्य अंशाला शंभरात ऐंशीच्या आसपास मिळते. शून्याखाली १८ अंशांवर तर निम्मीच. आपल्याकडे निफाडला हिवाळ्यात पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो. तिथेही पहाटे फरक कळतोच. पण ही वीज मेलेली नसते बरं का, अडकलेली असते. ऊन चढले की बरीचशी परत मिळते. बॅटरी फेकायचे कारण नाही. खरे सांगायचे तर आपल्या मुलखात बॅटरीचा वैरी थंडी नसून वैशाखाचे ऊन आहे. उन्हाने बॅटरी त्या दिवशी जोरात चालते, पण तिचे आयुष्य कमी होते.

थंडीत गार हवा आकसते आणि टायर थोडे बसतात, गाडी जड जाते. तेव्हा सकाळीच हवा तपासावी. रात्री गाडी छपराखाली, वाऱ्याच्या आड ठेवावी. फेरी संपली की लगेच चार्जिंगला लावावी, म्हणजे बॅटरी उबदार असतानाच वीज घेते. निम्मी उतरली की घराकडे वळणारा ड्रायव्हर आम्हाला शहाणा वाटतो. शंभरातले ऐंशी भाग संपेपर्यंत ताणली तर बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि उतरलेली बॅटरी चार-आठ दिवस तशीच पडू दिली, तर पट्ट्यांवर पांढरे कवच धरते. ते मग चार्जिंगने निघत नाही.

काश्मिरात गुलमर्गला गोल्फचे मैदान आहे. हिवाळ्यात ते बर्फाखाली जाते. अशा मुलखात उतरलेली बॅटरी ठेवणे म्हणजे तिचा घात. तिच्यातले तेजाब पाण्यासारखे पातळ झालेले असते. ते शून्याखाली सात-आठ अंशांवर गोठते, फुगते आणि डबा फुटतो. पूर्ण भरलेली बॅटरी मात्र लडाखची थंडीही सोसते. अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या हलक्या आणि टिकाऊ, पण शून्याखालच्या थंडीत त्या चार्ज करू नयेत. आतून कायमच्या बिघडतात.

शिशाच्या बॅटरीला पाणी घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच, विहिरीचे किंवा नळाचे नाही. पाणी चार्जिंग झाल्यावर घालावे. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरते आधी. तेजाब वरून कधीच घालू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो भडकतो. थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या लावून, शेजारी शेकोटी पेटवून चार्जिंग करणारे लोक असतात. हे जिवावरचे काम आहे. चार्जिंगच्या खोलीत वारा खेळता हवा, आणि विडी बाहेर.

जुनी बॅटरी घरी फोडून शिसे काढायचा मोह होतो, कारण शिशाला भाव आहे. पण त्या शिशाची धूळ अंगणात राहते, आणि रांगणारे पोर तोच हात तोंडात घालते. शिशाचे विष मुलाच्या मेंदूवर जाते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीतून तो तिचे पैसे कापून देतो, ते मात्र घासाघीस करून घ्यावे.