संप्रदाय नाकारणाऱ्याचा संप्रदाय

ओशो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रजनीशांविषयीची चर्चा महाराष्ट्रात पुण्याच्या कोरेगाव पार्कमधल्या त्यांच्या आश्रमापासून सुरू होते आणि बहुधा अमेरिकेतल्या ९३ रोल्स-रॉइस गाड्यांपाशी संपते. परंतु खऱ्या श्रद्धेचा शोध संस्थेच्या चौकटीत गेल्यावर त्याचे काय होते, हे पाहायचे असेल तर त्यांची जबलपूरमधली वर्षेच अधिक बोलकी आहेत.

त्यांचे घराणे तारणपंथी, म्हणजे मूर्तिपूजा न करता शास्त्रग्रंथांना वंदनीय मानणाऱ्या दिगंबर जैन पंथाचे होते. रूढ उपासनेला नकार त्यांना घरातूनच मिळाला होता, हे त्यांच्या बंडखोरीचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. १९५१ साली ते जबलपूरच्या हितकारिणी महाविद्यालयात दाखल झाले, तिथे अध्यापकांशी खटके उडाल्यामुळे बाहेर पडले, आणि डी. एन. जैन महाविद्यालयात त्यांना वर्गात बसण्याच्या सक्तीतून सूट मिळाली. २१ मार्च १९५३ रोजी भंवरताल बागेतल्या मौलश्रीच्या, म्हणजे बकुळीच्या झाडाखाली आपल्याला संबोधी, म्हणजे 'मी'पणा गळून पडल्यावर येणारी पूर्ण जागृती, लाभली असे त्यांनी पुढे सांगितले. याला त्यांच्या शब्दाखेरीज पुरावा नाही आणि असूही शकत नाही. मात्र त्यानंतर त्यांनी मठ गाठला नाही की गुरू केला नाही, तर एम. ए. होऊन जबलपूर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवले, गावोगाव व्याख्याने देत पुरोहितशाहीवर आणि गांधीवादावरही कोरडे ओढले, आणि वादंग वाढल्यावर १९६६ साली प्राध्यापकी सोडली. या काळात त्यांच्यापाशी ना वेश होता ना दीक्षाविधी.

हे दोन्ही आले १९७० साली, 'नवसंन्यासा'बरोबर. संसार न सोडता घ्यायच्या या संन्यासात भगवी वस्त्रे, नवे नाव आणि १०८ मण्यांची, गुरूचे छायाचित्र असलेली माळ होती. कल्पना धाडसी असली, तरी संप्रदायाला लागणारी सगळी सामग्री तीत आयती होती. १९७४ मध्ये पुण्यात आश्रम उभा राहिला, १९८१ नंतर अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात 'रजनीशपुरम' वसले, आणि तेथे या मार्गाची चक्क धर्म म्हणून पुस्तकासह मांडणी झाली. तेथील कारभाऱ्यांचे गुन्हे उघड झाल्यावर, १९८५ साली, रजनीशांनी हा धर्म संपल्याचे जाहीर केले. त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या, आणि वस्त्र व माळ यांची सक्तीही गेली.

पुढे पुण्यात परतलेले रजनीश १९९० साली तिथेच वारले. सक्ती उठली तरी माळेवरची माया सुटली नाही: मार्च २०२३ मध्ये माळ घालून आश्रमात जाण्यावरून व्यवस्थापन आणि अनुयायी यांच्यात दाराशीच संघर्ष झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस आश्रमाचे दोन भूखंड विकण्यासाठी न्यासाने केलेला अर्ज, शिष्यांनीच हरकत घेतल्यावर, धर्मादाय आयुक्तालयाने फेटाळला.